कार पॉलिसी आणि डब्ल्यूसी पॉलिसी: साइटवरच्या दोन विम्यांची गल्लत

साइटचा विमा काढलाय का, असं विचारलं की बहुतेक ठेकेदार आणि छोटे बिल्डर ठामपणे सांगतात, "हो, कार पॉलिसी आहे की." आणि लगेच पुढे, "लेबरचंही त्यातच आलं." पहिलं वाक्य खरं असतं. दुसरं जवळजवळ नेहमीच चुकीचं असतं, आणि ते चुकीचं होतं हे अपघात झाल्यावर कळतं.

कार म्हणजे सीएआर, कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी. मजुरांसाठी लागते ती डब्ल्यूसी, वर्कमेन कॉम्पेन्सेशन. ज्या कायद्यावरून हे नाव पडलं त्याचं नाव २०१० मध्ये बदललं, तरी साइटवर आणि एजंटच्या तोंडी डब्ल्यूसीच टिकलं. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये असतात, पुष्कळदा एकाच एजंटकडून आलेले, दोन्हींवर साइटचा पत्ता तोच. पण सीएआर राखते बांधकाम, आणि डब्ल्यूसी राखते मालकाच्या, म्हणजे मजूर कामाला लावणाऱ्याच्या, डोक्यावर असलेलं मजुराचं देणं.

सहाव्या मजल्याचा स्लॅब भरताना सेंटरिंग, म्हणजे ओलं काँक्रीट पेलणारा तात्पुरता साचा, खाली कोसळलं, असं धरू. वाया गेलेलं काँक्रीट, वाकलेल्या सळया, पुन्हा करायचं काम, हे सीएआरच्या पहिल्या भागात येतं. प्लेटा आणि जॅक, म्हणजे सेंटरिंगचं सामान, पॉलिसीत वेगळं दाखवलेलं असेल तरच धरतात. ढिगारा उचलण्याच्या खर्चाचंही तसंच, त्याची रक्कम आधी लिहून घ्यावी लागते. खाली रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला प्लेट लागली किंवा उभी असलेली रिक्षा चेपली, तर ते सीएआरच्या दुसऱ्या भागात, त्रयस्थांच्या नुकसानीत. आणि स्लॅबवर व्हायब्रेटर धरून उभा असलेला मजूर? तो त्रयस्थ नाही. ठेकेदाराचे, बिल्डरचे किंवा त्या कामाशी संबंधित कुठल्याही फर्मचे कामगार दुसऱ्या भागातून स्पष्ट शब्दांत वगळलेले असतात. त्याच्यासाठी डब्ल्यूसी हवी, आणि ती नसेल तर त्याची भरपाई ठेकेदाराच्या खिशातून जाते.

सीएआरमध्ये सर्वांत जास्त फसगत होते ती विमा रकमेत. ती कंत्राटाच्या पूर्ण किमतीइतकी हवी, काम पूर्ण झाल्यावर जी किंमत होईल तेवढी. बिल्डरने स्वतः पुरवलेलं स्टील आणि सिमेंटही त्यात धरून. हप्ता वाचवायला ८ कोटींच्या कामाचा विमा ५ कोटींचा काढला आणि पावसात बेसमेंटमध्ये पाणी शिरून १६ लाखांचं नुकसान झालं, तर कंपनी पाच-अष्टमांश हिशेबाने १० लाख धरते. त्यातूनही तुमच्या वाट्याची ठरावीक रक्कम, एक्सेस, वजा होते. पूर, वादळ, भूकंप अशा कारणांसाठी हा एक्सेस नेहमीच्यापेक्षा मोठा असतो. नुकसान फक्त १६ लाखांचं होतं आणि विमा तर ५ कोटींचा होता, हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

काम बंद पडलं तर काय होतं, याकडेही फारसं कुणी पाहत नाही. स्टे आला, पैसे अडकले, बिल्डर आणि ठेकेदाराचं भांडण झालं, आणि साइट चार महिने तशीच पडून राहिली, तर काम थांबल्यामुळे झालेलं नुकसान सीएआर देत नाही. साठ्याची मोजणी करताना स्टील कमी भरलं, हेही नाही. चोरी अमुक दिवशी झाली हे दाखवावं लागतं. म्हणून गेटवरचं आवक-जावक रजिस्टर आणि रात्रीचा वॉचमन या विम्याच्याही गोष्टी आहेत. मुदत संपण्याच्या आत वाढवून घेणं तर हवंच. आपल्याकडे काम वेळेत संपत नाही, पॉलिसी मात्र वेळेत संपते.

पुनर्विकासाच्या कामात आणखी एक कलम फार महत्त्वाचं आहे. मुंबई-पुण्यात जुनी सोसायटी पाडून दोन मजली तळघर खणतात तेव्हा शेजारच्या इमारतीची भिंत हातभर अंतरावर असते. खोदाईच्या हादऱ्याने किंवा आधार सुटल्याने शेजारच्या मिळकतीला तडे गेले, तर साध्या सीएआरमध्ये ते धरत नाहीत. त्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते. ती देण्याआधी कंपनी शेजारच्या इमारतीची खोदाईपूर्वीची स्थिती विचारते, म्हणून तडे आधीपासून होते की नंतर पडले हे सांगणारे तारखेचे फोटो आणि अभियंत्याचा अहवाल फावडं मारण्याआधीच करून ठेवावा. शेजाऱ्यांशी भांडण टाळायलाही त्याचा उपयोग होतो.

आता डब्ल्यूसी. तिच्यामागे १९२३ चा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण भरपाईचा सांगाडा तोच आहे. मजुराचा मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या ५० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५० ऐवजी ६० टक्के. हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा केंद्राने २०२० मध्ये १५,००० रुपये केली. गवंड्याची महिन्याची मजुरी आज सहज त्याच्यावर जाते, म्हणून १५,००० धरून चालू. तीस वर्षांच्या मजुराचा गुणक २०७.९८, ७,५०० ने गुणलं की १५,५९,८५० रुपये. चाळीस वर्षांच्या मजुराचा गुणक १८४.१७, त्याचे १३,८१,२७५. एका अपघातात तिघे गेले तर छोट्या ठेकेदाराचा धंदा तिथेच बसू शकतो, आणि त्या तिघांच्या घरच्यांना वर्षानुवर्षं काही मिळत नाही.

या देण्यात चूक कुणाची हा प्रश्न येत नाही. "त्याने बेल्ट लावला नव्हता", "तो प्यायला होता" अशी कारणं साध्या दुखापतीत मांडता येतात. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तीही चालत नाहीत. आणि मजूर पेटी ठेकेदाराचा, म्हणजे माझ्या हाताखालच्या सब-कॉन्ट्रॅक्टरचा आहे, माझा नाही, हेही चालत नाही. सेंटरिंगवाला, फिटर, प्लास्टरवाला आपापली माणसं आणतात, पण मुख्य ठेकेदाराकडेच भरपाई मागता येते. त्याने ती नंतर पेटी ठेकेदाराकडून वसूल करायची. पेटी ठेकेदाराकडे वसूल करण्यासारखं काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून डब्ल्यूसी काढताना पेटी ठेकेदारांचे कामगार नाव घेऊन त्यात घालून घ्यावेत. ते आपोआप येत नाहीत. दवाखान्याच्या खर्चाचंही तसंच: कायद्याने तो मालकाने द्यायचा असतो, पॉलिसीत मात्र पुष्कळदा वेगळा घ्यावा लागतो.

डब्ल्यूसीचा हप्ता ठरतो कामगारांची संख्या आणि त्यांची मजुरी यांवर. इथेच सगळं बिघडतं. पॉलिसी काढताना वीस माणसं आणि दहा हजार पगार लिहिलेला असतो. स्लॅबच्या दिवशी मुकादम पहाटे नाक्यावरून टेम्पो भरून माणसं आणतो, साइटवर साठ जण होतात, हजेरीच्या वहीत आडनाव नाही, वय नाही, नुसतं "राजू, बिगारी". दुपारी अपघात झाला की कंपनी पहिल्यांदा हजेरीपट आणि पगारपत्रक मागते. त्यात तो माणूस नसेल, किंवा जाहीर केलेल्या संख्येच्या तिप्पट माणसं कामावर होती हे दिसलं, तर कंपनीला हात आखडता घ्यायला कारण मिळतं. माझं मत स्पष्ट आहे: स्लॅबच्या दिवशी काँक्रीटची पहिली गाडी आत येण्याआधी प्रत्येक नवीन माणसाचं पूर्ण नाव, वय, आधारचा फोटो आणि घरच्या एकाचा फोन नंबर लिहून घेतलाच पाहिजे. अर्धा तास जातो. विम्यासाठी नको असेल तर निदान त्या माणसाच्या घरी कळवता यावं म्हणून.

आता दोन्ही पॉलिसींच्या मधली फट. २९ जून २०१९ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामाच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ जण गेले. बहुतेक बिहारमधून आलेले, आणि त्यांत लहान मुलं होती. अशा ठिकाणी विम्याची कागदपत्रं उघडून वाचा. मूल कामगार नाही, म्हणून डब्ल्यूसीत नाही. सीएआरचा दुसरा भाग त्रयस्थांसाठी, पण नेहमीच्या मसुद्यात कामगारांबरोबर त्यांचे कुटुंबीयही वगळलेले असतात. म्हणजे साइटवर राहणारं मूल दोन्हींकडे नाही. आणि झोपेत असलेल्या कामगाराचा अपघात कामाच्या ओघात झाला की नाही, यावरही वाद उभा राहू शकतो.

ही फट कागदावर बुजवता येते. लेबर कॅम्पमधल्या कुटुंबांसाठी समूह अपघात विमा वेगळा घेता येतो, आणि त्याचा खर्च एका स्लॅबच्या खर्चापुढे नगण्य असतो. तरी त्याआधी खोल्या कुठे बांधतो ते बघायला हवं. संरक्षक भिंतीच्या पायथ्याशी, खड्ड्याच्या काठावर, मातीच्या ढिगाऱ्याखाली माणसं झोपवायची नाहीत. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

अपघातानंतर दोन्हींचे रस्ते वेगळे. सीएआरमध्ये कंपनीला ताबडतोब लेखी कळवायचं, नुकसान मोजणारा सर्वेअर येईपर्यंत जीव वाचवण्यापलीकडे ढिगारा हलवायचा नाही, फोटो काढायचे. डब्ल्यूसीमध्ये पोलीस, शवविच्छेदन, हजेरीपट, पगाराचा पुरावा. आणि मृत्यू असेल तर रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडे, म्हणजे जुन्या कायद्यातल्या भरपाई आयुक्तांकडे, जमा करायची. इथे एक वाईट चाल आहे. मृतदेह गावी पाठवायचा खर्च आणि वर काही रोख रक्कम देऊन बायकोची किंवा भावाची स्टॅम्पपेपरवर "आता काही मागणे नाही" अशी सही घेतात. तो कागद कायद्यापुढे टिकत नाही. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, आणि हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल असतो. देणं उभं राहिल्यापासून महिन्याभरात रक्कम भरली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारण नसेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड. तो दंड विमा कंपनी भरत नाही. ज्या बाईचा नवरा गेलाय तिला अडाणी समजून दोन लाखांत गुंडाळणं हे आधी अमानुष आहे, मग बेकायदा, आणि शेवटी महागातलंही.

"आम्ही सेस भरलाय" असंही ऐकू येतं. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो आणि नोंदणी झालेल्या कामगाराला तिथून मदत मिळते, पण त्याने मालकाचं देणं कमी होत नाही. ज्या कामगाराची ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, खरोखर भरली जाते, त्याची गोष्ट वेगळी: त्याला अपघाताचा लाभ ईएसआयकडून मिळतो आणि त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. राज्य शासनाची कामं घेणाऱ्यांनी निविदेतली विम्याची अट आधी वाचावी, कारण तिथे विमा संचालनालयाकडूनच पॉलिसी मागितलेली असते. आणि फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांसाठी: ताबा दिल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातला दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याची रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातली जबाबदारी या दोन्हींपैकी कुठलीच पॉलिसी उचलत नाही. सीएआरला देखभाल काळाची पुरवणी जोडता येते, पण ती ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायच्या ठरावीक महिन्यांपुरती.

एजंटला फोन करताना चार गोष्टी लेखी मागा: पूर्ण कंत्राट किमतीचा आकडा, शेजारच्या मिळकतीची पुरवणी, पेटी ठेकेदारांच्या कामगारांचा उल्लेख, आणि दवाखान्याचा खर्च. डब्ल्यूसी बहुधा वर्षाची असते आणि सीएआर कामाच्या मुदतीची, त्यामुळे दोन्हींच्या तारखा साइट ऑफिसच्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवा.