लेखनिक रजेवर गेले तर?

विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक व कार्यालय यांच्यासाठी माहितीपत्रक

पुणे आणि परिसरातल्या लहान-मध्यम खाजगी शाळांचे हिशेब व कार्यालयीन कामे आम्ही पाहतो. संकट म्हटले की संस्थाचालकांच्या डोळ्यांपुढे पूर, आग, साथ येते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा शहरातल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली, ती सर्वांच्या लक्षात आहे. पण अशी सुट्टी एक-दोन दिवसांत संपते. कार्यालयाचे काम आठवडेच्या आठवडे अडते ते फार साध्या कारणाने: एखादी गोष्ट एकाच माणसाला ठाऊक असते आणि नेमका तो माणूस जागेवर नसतो.

ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो?

पहिल्या भेटीत आम्ही हाच प्रश्न विचारतो. पीएफचे पोर्टल, आयकर, टीडीएस, यू-डायस आणि सरल (शाळा-विद्यार्थ्यांची माहिती भरायची सरकारी पोर्टल), नेट बँकिंग, फी भरून घेणारे ॲप, या सगळ्यांना कोणता ना कोणता नंबर जोडलेला असतो. अनेक शाळांत तो लेखनिकांचा स्वतःचा असतो. एखादा तर चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बाईंचा. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि पीएफ १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. कोणाचे ऑपरेशन किंवा गावची जत्रा म्हणून या तारखा पुढे जात नाहीत, उशिराचे व्याज मात्र लागते.

संस्थेच्या नावाने एक सिम घ्या, साध्या फोनमध्ये घाला, तो फोन कार्यालयातच राहू द्या आणि रिचार्ज कोणी करायचा ते ठरवा. ईमेलही शाळेच्या नावाचा हवा. सर्व लॉगिन एका कागदावर लिहून सीलबंद पाकीट सचिवांकडे द्या, पासवर्ड बदलला की पाकीटही बदला. (पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेले आम्ही पाहिले आहेत. कृपया नको.) डिजिटल सहीचा डोंगल कोणाच्या नावाचा आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हेही त्याच कागदावर असू द्या.

दुसऱ्या माणसाला काम नुसते दाखवून भागत नाही. तीन महिन्यांतून एकदा पगारपत्रक आणि पीएफचे चलन त्यानेच करायचे. लेखनिकांनी शेजारी बसायचे, माऊसला हात लावायचा नाही. यात लेखनिकांना अविश्वास वाटू शकतो. म्हणून मुख्याध्यापकांनी आधीच त्यांच्याशी बोलावे. हक्काची रजा फोन न वाजता मिळणार असेल तर आडकाठी फारशी राहत नाही, असा आमचा अनुभव आहे.

चेकवरच्या सह्यांचेही तेच. दोघांच्याच सह्या चालत असतील आणि त्यातले खजिनदार मुलाकडे अमेरिकेत सहा महिने असतील, तर पगार कसा होणार? तिघांच्या सह्या नोंदवा, त्यातल्या कोणत्याही दोन चालतील असा ठराव करा. विश्वस्त बदलले तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाप्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल करावा लागतो. तो राहून गेला की बँक नव्या सह्या घ्यायला कां-कूं करते, आणि हे कळते ते नेमके पगाराच्या आठवड्यात.

मे महिन्याचा पगार

फी हप्त्यांनी येते, पगार बारा महिने द्यावा लागतो. एप्रिल-मे कोरडे जातात. वर्षाच्या मध्ये फी वाढवून हा खड्डा भरता येत नाही: शुल्क विनियमन अधिनियम, २०११ प्रमाणे फीचा प्रस्ताव पुढचे वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो, आणि ठरलेली फी दोन वर्षे बांधून टाकते. जूनमध्ये वर्ष सुरू होणाऱ्या शाळेचे बजेट म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीआधी तयार हवे. मार्चमध्ये बजेटला बसणाऱ्या शाळेच्या हातात बदलण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

उलट उत्पन्न मात्र एका आदेशाने घटू शकते. १२ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयाने २०२१-२२ ची फी १५ टक्के कमी करायला सांगितले, तेव्हा पगार १५ टक्के कमी झालेले नव्हते. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांवरच्या मुलांची फी सरकार शाळेला देते, ती प्रतिपूर्तीही रखडते. ती बजेटमध्ये जमा धरू नका, आली की राखीव निधीत टाका.

राखीव किती? आमच्या मते तीन महिन्यांचा पगार. महिन्याचा पगार १२ लाख असेल तर ३६ लाख. आकडा मोठा वाटतो, पण सुरुवात एका महिन्याच्या पगारापासून करा. ‘शिल्लक ठेवली तर आयकरवाले धरतील’ अशी भीती आम्ही नेहमी ऐकतो. आयकरात नोंदणी असलेल्या संस्थेला उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम विनाअट मागे ठेवता येते. त्याहून जास्त ठेवायची तर उद्देश लिहून, मुदतीत फॉर्म भरून ५ वर्षांपर्यंत ठेवता येते. त्यासाठी ऑडिटरांशी मार्चच्या आत बोला.

हा निधी एकाच बँकेत नको. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे. पगाराचे खाते आणि राखीव ठेव निरनिराळ्या बँकांत ठेवा. ओळखीचे मॅनेजर आहेत हे कारण पुरेसे नाही.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना द्यायच्या एकरकमी रकमेचा, विषय अजून पुष्कळ संस्थांच्या ताळेबंदात नाही. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. साधारण हिशेब असा: नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. शाळेसोबतच रुजू झालेल्या पाच-सहा बाई एकाच वर्षी निवृत्त होणार असतील तर ती यादी आजच काढा.

कागद, पाणी, बस

जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही, कायम जपायचे असते, कारण तीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थीही दाखल्याची दुसरी प्रत मागायला येतो. ते स्कॅन करा, एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर ठेवा. मूळ रजिस्टरे तळमजल्यावर असतील तर कपाटाच्या खालच्या कप्प्यात नकोत. नदीकाठच्या किंवा ओढ्यालगतच्या शाळांनी तर पावसाळ्याआधी ती वरच्या मजल्यावर हलवावीत. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप त्याच कॉम्प्युटरवर घेतला तर तो बॅकअप नव्हे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा पालकांचा पहिला प्रश्न पाण्याचाच होता. टँकर कोणाचा, कधी आला, क्लोरीन तपासले का, टाकी केव्हा धुतली, यासाठी एक वही पुरे. बसच्या बाबतीत दुसऱ्या ठेकेदाराशी आधीच दर ठरवून ठेवा आणि गाड्यांची कागदपत्रे परिवहन समितीच्या बैठकीत तपासा.

आमची पद्धत

पहिली भेट दोन तासांची, शाळेतच, आणि लेखनिकांच्या उपस्थितीत. त्यांना बाहेर बसवून आम्ही हे काम करत नाही. भेटीआधी मागच्या वर्षीचा ताळेबंद, बँक खात्यांची व सहीदारांची यादी, शेवटच्या चेंज रिपोर्टची प्रत आणि कर्मचाऱ्यांच्या रुजू तारखा काढून ठेवा. पासवर्ड आम्हाला देऊ नका, आम्ही मागतही नाही. जून आणि मार्चमध्ये आम्ही नवे काम घेत नाही; ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ सर्वांत सोयीचा.