पित्तनलिकेतील खड्यांवरचा दुर्बिणीचा उपचार : पार्श्वभूमी

पित्ताशयातले खडे आणि पित्तनलिकेतले खडे यांना रोजच्या बोलण्यात एकच मानले जाते. या उपचाराचा इतिहास मात्र त्या दोहोंतल्या फरकावरच उभा आहे. पित्ताशयात खडे असलेली पुष्कळ माणसे आयुष्यभर कसल्याही त्रासाविना राहतात. पण त्यातला एखादा खडा घसरून मुख्य पित्तनलिकेत उतरला आणि तिच्या टोकाशी अडकला, की पित्त तुंबून कावीळ होते आणि तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर रोग्याच्या जिवावर बेतते. उजव्या बरगडीखालची वेदना, थंडी वाजून येणारा ताप आणि कावीळ या तीन लक्षणांची सांगड फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ मध्ये घातली आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ती आजही त्यांच्याच नावाने शिकवली जाते.

खडा बहुधा जिथे अडकतो, ती जागा याहून बरीच आधी ठाऊक झाली होती. पित्तनलिका लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ज्या उंचवट्यावर उघडते, त्याचे वर्णन जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ फाटर यांनी १७२० मध्ये केले, तर त्या तोंडाशी असलेल्या कड्यासारख्या स्नायूचा अभ्यास इटलीतील ओड्डी यांनी १८८७ मध्ये मांडला. हाच स्नायू पुढे या उपचाराचा केंद्रबिंदू ठरला. स्वादुपिंडाची नलिकाही सहसा याच तोंडाशी येऊन मिळते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण या उपचारातली सर्वांत मोठी अडचण तिच्यातूनच उद्भवली.

शस्त्रक्रियेचा मार्ग आधी खुला झाला. बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८९० च्या सुमारास पित्तनलिका उघडून खडा काढण्याचे प्रयत्न यशस्वी होऊ लागले. पोट उघडून नलिकेला छेद द्यायचा, खडे काढायचे, नलिकेत इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची नळी ठेवून तिचे टोक पोटाबाहेर काढायचे आणि जखम सुरक्षित भरल्याची खात्री झाल्यावर कित्येक दिवसांनी ती नळी ओढून घ्यायची, अशी ही पद्धत होती. अर्जेंटिनाचे शल्यचिकित्सक मिरिझ्झी यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी शस्त्रक्रिया चालू असतानाच नलिकेत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र घेण्याची रीत रुजवली आणि खडे मागे राहण्याचे प्रमाण कमी झाले. तरीही एखादा खडा नजरेतून सुटला, तर त्याच पोटावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागे आणि वृद्ध, अशक्त रोग्याला ती झेपेलच याची शाश्वती नसे.

दुर्बिणीने हे चित्र पालटण्यासाठी आधी दुर्बिणीलाच वाकायला शिकावे लागले. काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंची जुडी वापरून हर्शोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत लवचीक दुर्बीण तयार केली. पित्तनलिकेचे तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असल्यामुळे समोर पाहणारी दुर्बीण तिथे फारशी उपयोगाची नव्हती. वॉशिंग्टनमधील शल्यचिकित्सक मॅक्यून यांनी बाजूला पाहणाऱ्या दुर्बिणीला एक बारीक नळी बांधली, ती त्या तोंडात घातली, रंगद्रव्य सोडून नलिकेचे चित्र मिळवले आणि १९६८ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांची जोडणी घरगुती म्हणावी इतकी साधी होती. तिला भरवशाच्या उपकरणाचे रूप जपानमध्ये मिळाले. तिथले डॉक्टर आणि दुर्बीण बनवणाऱ्या कंपन्या यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत खास या कामासाठीच दुर्बिणी घडवल्या. आज सर्वत्र ‘ईआरसीपी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी तपासणी ती हीच.

तोपर्यंत खडा केवळ दिसत होता. तो काढण्यासाठी ओड्डींचा स्नायू कापणे आवश्यक होते आणि हे पाऊल जपानमध्ये कावाई यांनी व जर्मनीतील एर्लांगेन येथे क्लासेन आणि डेमलिंग यांनी जवळपास एकाच वेळी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे उचलले; दोन्ही वृत्तांत १९७४ मध्ये छापून आले. विजेच्या प्रवाहाने तापणाऱ्या बारीक तारेने तोंडाशी लहानसा छेद द्यायचा आणि तारांच्या जाळीने किंवा फुगवलेल्या फुग्याने खडा आतड्यात ओढून घ्यायचा, ही आजची पद्धत मूळ रूपात तीच आहे. मोठे खडे आतच चिरडणारी जाळी, छेदाऐवजी किंवा छेदासोबत तोंड रुंदावणारा फुगा, पित्त वाहते ठेवणारी प्लास्टिकची नळी म्हणजे स्टेंट, ही भर नंतर पडत गेली.

जंतुसंसर्ग झालेल्या रोग्यांच्या बाबतीत या पद्धतीचे मोल निर्विवादपणे सिद्ध झाले ते १९९२ मध्ये. हाँगकाँगमधील ८२ गंभीर रोग्यांच्या दोन गटांची तुलना केली असता शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ३२ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात सुमारे १० टक्के रोगी दगावले. उपचारपद्धतींच्या तुलनेत इतकी मोठी तफावत क्वचितच आढळते.

या सोयीची किंमत मात्र स्वादुपिंडाने मोजली. तोंड सामाईक असल्यामुळे दुर्बिणीच्या हाताळणीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. अशा गुंतागुंती नेमक्या कशा मोजायच्या, याची सामाईक व्याख्या १९९१ मध्ये ठरली. तिच्या आधारे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,३४७ रोग्यांच्या अभ्यासात स्नायू कापल्यानंतर गुंतागुंतीचे प्रमाण ९.८ टक्के आणि स्वादुपिंडदाहाचे ५.४ टक्के आढळले. त्यातला अधिक बोलका निष्कर्ष असा, की नलिकेत खडा नसताना केवळ स्नायूच्या बिघाडाच्या संशयावरून ज्यांचा उपचार झाला, त्यांनाच सर्वाधिक धोका होता. म्हणजे ज्यांना गरज सर्वांत कमी, त्यांचेच नुकसान अधिक. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या इतिहासातले खरे वळण हेच आहे. चुंबकीय लहरींवर आधारित, नलिकांची चित्रे देणारी एमआरसीपी ही तपासणी आणि दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी उपलब्ध झाल्यावर केवळ निदानासाठी ईआरसीपी करण्याची प्रथा मागे पडली आणि नलिकेत खडा असल्याची पुरेशी खात्री झाल्यावरच ती करावी, असा दंडक रूढ झाला. पुढे २०१२ मध्ये, अधिक जोखमीच्या रोग्यांना गुदद्वारावाटे इंडोमेथासिन हे दाह कमी करणारे औषध दिल्यास स्वादुपिंडदाहाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर येते, असे दिसून आले.

रोगी बरा होण्याचे वेळापत्रकही या अनुभवातूनच घडले आहे. पोटावर जखम नसल्यामुळे बहुतेकजण दुसऱ्या दिवसापर्यंत हिंडूफिरू लागतात. पहिल्या काही तासांत लक्ष ठेवले जाते ते पाठीकडे जाणाऱ्या तीव्र पोटदुखीवर, कारण स्वादुपिंडदाह बहुधा लवकरच डोके वर काढतो. छेदातला रक्तस्राव मात्र काही दिवसांनंतरही सुरू होऊ शकतो, म्हणून काळी, डांबरासारखी शौच झाल्यास रोग्याने थांबून राहू नये. थंडीताप परतल्यास नलिका पुन्हा तुंबल्याची शंका घ्यावी लागते. कावीळ उतरायला यापेक्षा अधिक दिवस लागतात, आणि खडा निघूनही डोळे पिवळेच कसे, ही शंका रोग्यांना हमखास येते.

नलिका मोकळी झाली तरी खडे बनवणारे पित्ताशय जागेवरच असते. नेदरलँड्समधील २००२ च्या एका अभ्यासात ते न काढता वाट पाहिलेल्या रोग्यांपैकी ४७ टक्क्यांना पित्ताचा त्रास पुन्हा झाला. लगेच काढलेल्यांत हे प्रमाण २ टक्के होते. त्यामुळे प्रकृती साथ देत असेल, तर त्याच भरतीत किंवा पुढच्या दोन आठवड्यांत पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला जातो. ज्यांच्या नलिकेत प्लास्टिकचा स्टेंट ठेवला आहे, त्यांना दुर्बिणीसाठी आणखी एकदा यावे लागते. असा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबू लागतो आणि बरे वाटू लागल्यामुळे तो विसरला गेला, तर त्याच्याभोवती नवे खडे साचून रोगी पुन्हा त्याच थंडीतापाने आणि काविळीने दाखल होतो.