दुबार ईमेल-रोध

एकच ईमेल एका टपालपेटीत दोनदा पडू नये म्हणून चाळणी-स्क्रिप्टमध्ये (आलेली पत्रे नियमांनुसार लावणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) केलेली तजवीज. दुबार प्रतींचे मूळ बहुधा एसएमटीपी या ईमेल धाडण्याच्या नियमसंचाच्या शेवटच्या पायरीत सांगितले जाते. क्रेग पार्ट्रिज यांच्या आरएफसी १०४७ (१९८८) या क्रमांकित इंटरनेट-तांत्रिक दस्तऐवजातील मांडणी अशी : मजकूर संपल्याची खूण म्हणून एकटा टिंब गेला की घेणाऱ्या सर्व्हरने '२५०' हा होकार द्यायचा, तो वेळेत न पोहोचल्यास पाठवणारा पत्र पुन्हा धाडतो, पहिली प्रत मात्र तिकडे आधीच जमा झालेली असते. आरएफसी ११२३ने (१९८९) या टप्प्यावर पाठवणाऱ्याला १० मिनिटे थांबण्यास सांगितले. त्याने प्रकार घटतो, थांबत नाही.

दुसरे कारण गट-पत्त्यांचे. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्याचा भांडारप्रमुख 'खरेदी' आणि 'लेखा' या दोन्ही गटांत असला, तर महापेच्या पुरवठादाराचे एकच बिल त्याला दोनदा येते. दोन्ही प्रतींचा मेसेज-आयडी, म्हणजे पत्राच्या शीर्षकातली ओळखखूण, एकच असल्याने त्या पकडता येतात. तेच बिल दुसऱ्या दिवशी आठवणीखातर पुन्हा धाडले, तर आयडी नवा आणि चाळणी निरुपयोगी.

प्रोकमेल या पत्रे चाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे काम 'फॉरमेल -डी ८१९२' ही आज्ञा करते. पाहिलेले आयडी सुमारे ८१९२ बाइटच्या फाइलीत राहतात. आयडी सापडला की पत्र पोहोचले असे धरून ते टाकले जाते. सरसकट टाकण्याऐवजी वेगळ्या फोल्डरात ठेवण्याची रीत अधिक सुरक्षित. आयडीऐवजी मजकुराचा हॅश (मजकुरावरून गणलेली छोटी खूण) घ्यावा असेही एक मत आहे. पण मेलिंग लिस्ट तळाला ओळी जोडते, आणि तेवढ्याने हॅश बदलतो. आयडीही निर्दोष नाही : आरएफसी ५३२२ त्याची केवळ शिफारस करते, सक्ती नव्हे.

सीव्ह या चाळणी-स्क्रिप्टच्या भाषेच्या आरएफसी ५२२८मध्ये (२००८) एका पेटीत तेच पत्र दोनदा टाकू नये असे म्हटले आहे; 'तेच' कशाला म्हणायचे, हे सर्व्हर लिहिणाऱ्यावर सोडले. आरएफसी ७३५२ने (२०१४) 'डुप्लिकेट' ही चाचणी दिली. तीत आयडीऐवजी दुसरे शीर्षक-क्षेत्र निवडता येते आणि नोंदीची मुदत सेकंदांत ठरवता येते. आयडीची नोंद स्क्रिप्ट यशस्वीपणे संपल्यावरच व्हायला हवी. आधीच झाली आणि डिस्क भरल्याने पत्र साठवता आले नाही, तर पुन्हा आलेली प्रत दुबार ठरून पत्र कायमचे जाते.

सायरस या ईमेल-सर्व्हरात हीच तपासणी स्क्रिप्टबाहेरही, पत्र पेटीत टाकताना होऊ शकते.