जीटीए ६ च्या आधी (विनोदप्रकार)

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ या रखडलेल्या व्हिडिओ गेमवरून तयार झालेला विनोदाचा साचा. एखादी गोष्ट आपल्या हयातीत होणार नाही असे सगळ्यांनी धरून चालावे आणि ती अचानक व्हावी. मग म्हणायचे, ‘हे जीटीए ६ च्या आधी झाले’. नियम एवढाच. साचा इंग्रजी समाजमाध्यमांवरचा. विदर्भातल्या खेड्यांत तो मोबाइलवरून पोचला आणि तिथे त्याला खाद्याची कधी कमतरता पडली नाही.

मालिकेतला पाचवा गेम १७ सप्टेंबर २०१३ रोजी आला. पुढच्या गेमचे काम सुरू असल्याची कबुली तो बनवणाऱ्या रॉकस्टार गेम्सने ४ फेब्रुवारी २०२२ रोजी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात अर्धवट गेमच्या सुमारे ९० चित्रफिती फुटल्या. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलरही ठरल्या वेळेआधी फुटला, तेव्हा कंपनीने तो घाईने स्वतःच बाहेर काढला. भारतात तेव्हा ५ तारखेची पहाट होती. ट्रेलरमध्ये गेम येण्याचे साल २०२५ दिले होते. मग २६ मे २०२६ ही तारीख आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही सरकून १९ नोव्हेंबर २०२६ झाली. एक तारीख मृगाच्या तोंडावरची, दुसरी ऐन कापूसवेचणीतली. शेतकऱ्याच्या पोराला दोन्ही सारख्याच गैरसोयीच्या.

बेंगळुरूच्या संघाने ३ जून २०२५ रोजी, अठराव्या हंगामात, पहिल्यांदा आयपीएल जिंकली तेव्हा हा साचा देशभर धो धो वापरला गेला. पण क्रिकेटची वाट पाहणे ही हौसेची वाट. विदर्भात त्याहून जुन्या वाटा आहेत. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाले. तेव्हा अंदाजे खर्च ३७२ कोटी रुपये होता; पुढे तो कित्येक हजार कोटींवर गेला. २००९ मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला, तरी कालव्यांच्या कामांची चर्चा काही संपली नाही. मालिकेतला पहिला गेम १९९७ चा. म्हणजे गोसीखुर्दपुढे अख्खी जीटीए कालचे पोर! वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला, तो मात्र साच्यात नीट बसतो: कळंबला रेल्वे जीटीए ६ च्या आधी आली. वेगळ्या विदर्भाचेही नाव यात घेतले जाते. १९५३ च्या नागपूर कराराच्याही आधीपासून चालत आलेला तो विषय असल्याने हसणारे कोणत्या बाजूचे आहेत ते आधी पाहून घ्यावे लागते.

गावपातळीवरचा विनोद याहून बारीक असतो, आणि माझ्या मते खरा कस तिथेच लागतो. पीकविम्याचे पैसे, पांदण रस्त्याचे खडीकरण, जळालेली डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) बदलून मिळणे, रात्रीच्या पाळीऐवजी दिवसा येणारी लाइन, जमलेले लग्न: यातले काहीही चालते. ‘जीटीए आला का बे?’ ‘पह्यले आपली डीपी येऊ दे, मंग जीटीए.’ एवढ्यावर पारावरची बैठक हसते.

हा गेम खेड्यात माहीत कसा, याचे उत्तर तालुक्याच्या नेट कॅफेत आहे. मालिकेतले ‘वाइस सिटी’ (२००२) आणि ‘सॅन अँड्रियास’ (२००४) हे गेम जुन्या, कुंथणाऱ्या कॉम्प्युटरवरही चालत. पेनड्राइव्हवरून त्यांच्या प्रती फिरल्या. विकत घेतलेली प्रत क्वचितच कोणी पाहिली असेल. तासाचे पैसे मोजून बसलेल्या पोराला मिशन पूर्ण करण्यात रस नसे. शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर, गणिताच्या कच्च्या कामाशेजारी, पेनाने लिहिलेले ‘कोड’ असत. ‘पॅन्झर’ टाइप केले की वाइस सिटीच्या रस्त्यावर रणगाडा उतरे. सॅन अँड्रियासमध्ये ‘हेसोयाम’ मारला की जीव पुन्हा पूर्ण भरे, चिलखत चढे आणि खिशात अडीच लाख डॉलर पडत. हा शब्द आता गेमपासून सुटून बोलण्यात आला आहे. कर्जमाफी म्हणजे हेसोयाम. मुलीकडच्यांना दाखवायला रातोरात रंगवलेले घर म्हणजेही हेसोयाम. ज्यांनी कॅफे पाहिलाच नाही अशा धाकट्या पिढीला ‘इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’ हा मोबाइल गेम जवळचा. त्यातल्या फोनवर नंबर फिरवला की गाडी हजर होते. त्याला ‘देशी जीटीए’ म्हणतात.

दुसरा मोठा प्रकार भाकितांचा. जगभरच्या चाहत्यांनी ट्रेलरची एकेक चौकट थांबवून पाहिली, प्रसिद्धीच्या चित्रांतल्या चंद्राच्या कलेवरून तारखा काढल्या आणि त्या चुकल्यावर त्याच निष्ठेने नव्या काढल्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, धान्ये गोलाकार ठेवतात, मधल्या खड्ड्यात ढेकळांवर पाण्याची घागर ठेवून वर पापड, करंजी, वडा मांडतात. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणता दाणा कुठे सरकला ते पाहून पाऊस, पीक आणि राज्यकर्त्यांचे भविष्य सांगतात. ‘जीटीएची तारीख भेंडवळले इचारा’ हा टोमणा त्यामुळे दोघांनाही लागतो, घटवाल्यांना आणि चौकटी मोजणाऱ्यांनाही.

तिसऱ्या प्रकारात गेमचे जगच इकडे आणतात. चित्रे जोडून किंवा अलीकडे एआयकडून बनवून लिओनिडा या काल्पनिक राज्यातल्या लुसिया आणि जेसन या जोडीला छकड्यावर बसवतात. मिशन असते रात्री तुरीत शिरलेली रानडुकरे हाकलण्याचे. बरीचशी चित्रे फसतात, कारण यंत्राने काढलेला बैल शंकरपटातल्या (बैलांच्या शर्यतीतल्या) बैलासारखा कधीच दिसत नाही आणि पऱ्हाटीला (कपाशीला) गुलाबाची पाने फुटतात.

एक गोष्ट या विनोदांत उघड बोलली जात नाही. गेम जाहीर झाला आहे तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सची नवी पिढी या खेळयंत्रांसाठी, घरच्या कॉम्प्युटरसाठी नाही. डिस्कवाला प्लेस्टेशन ५ भारतात आला तोच ४९,९९० रुपयांना आणि नंतर महागला. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे यंत्रापायी सहा-सात क्विंटल कापूस गेला, तोही पूर्ण हमीभाव मिळाला तर. विनोद करणाऱ्यांतले बहुतेक जण हा गेम यूट्यूबवर दुसऱ्याने खेळलेलाच पाहणार आहेत, आणि त्यांना ते ठाऊक आहे. म्हणूनच त्यांच्या विनोदात शहरी चाहत्याची चिडचिड नसते.

अशा चिमट्याला इथे जुनी जागाही आहे. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे असताना म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांत सावकार, पुढारी, महागाई यांची यमकात हजेरी घेतली जाते आणि शेवटी ‘हर बोला हर हर महादेव’ चा गजर उठतो. मीममध्ये गजर नसतो, पण शेवटचे शब्द तसेच ठरलेले असतात आणि त्यांच्या आधी काय भरायचे ते गावाने ठरवायचे असते. फरक ऐकणाऱ्यांत पडतो. झडती सगळ्या गावाला कळते. हा साचा कळायला गेम माहीत असावा लागतो. पारावर नातवंडांच्या तोंडून गोसीखुर्द आणि जीटीए ही नावे सारखी जोडीने ऐकणाऱ्या एका म्हाताऱ्याने न राहवून विचारले होते, ‘हे जीटीए कोणत्या नदीवर हाये बे?’