तंबूतली तीन समीकरणं

"डिटरमिनंट शून्य आला की उत्तरं अनंत." (डिटरमिनंट म्हणजे तीन समीकरणांतल्या एक्स, वाय, झेडच्या सहगुणकांवरून काढलेली एक संख्या.) माझी भाची बारावीला आहे, कॉलेज रोडला क्लासला जाते, ती परवा हेच घोकत होती. म्हटलं आकृती काढून बघ, तर म्हणे मामा, आकृतीला मार्क नसतात! पण वाक्य अर्धंच खरं आहे, आणि ते आकृतीशिवाय कळतच नाही.

एक्स, वाय, झेड असलेलं एक साधं समीकरण (वर्ग, घन, आपसातले गुणाकार नसलेलं) म्हणजे हवेतला एक सपाट पत्रा, कुठेच न संपणारा. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी एका बिंदूत मिळतात, तसे तीन पत्रे मिळाले की उत्तर एकच.

आता सिंहस्थात तपोवनात लागतात तसा एक साधा तंबू डोळ्यासमोर आणा. आढं एक्सच्या दिशेने, उंची झेड. जमीन झेड = ०, उतरती कापडं वाय + झेड = २ आणि झेड − वाय = २. कुठलेही दोन पत्रे घ्या, एका रेषेत छेदतात, पण अशा तीन रेषा होतात (आढं आणि खालच्या दोन कडा) आणि त्या समांतर, म्हणजे तिन्ही पत्र्यांवर असलेला एकही बिंदू नाही. उत्तर नाही, आणि डिटरमिनंट मात्र शून्यच!

का, तर प्रत्येक पत्र्याला काटकोनात एक बाण उभा करा: (०,०,१), (०,१,१), (०,−१,१). डिटरमिनंट म्हणजे या तीन बाणांवर उभ्या राहणाऱ्या ठोकळ्याचं घनफळ (चिन्ह कधी उणे), आणि इथे एक्सकडे कुणीच झुकलेलं नाही, तिन्ही बाण एकाच पानात मावतात, ठोकळा चपटा. बाण फक्त समीकरणाच्या डाव्या बाजूवरून, म्हणजे एक्स, वाय, झेडच्या सहगुणकांवरून ठरतात. म्हणून जमीनच सतरंजीसारखी आढ्यापर्यंत उचलली, झेड = २ केलं, तरी डिटरमिनंट शून्यच राहतो, पण आता अख्खं आढं तिन्ही पत्र्यांवर आहे, उत्तरं अनंत. "पाच सेकंदात उत्तर" वाल्या रील्स बघून हा फरक कधीच दिसणार नाही.

कागदावर काढताना आधी तीन समांतर रेषा काढा, मग त्यांना धरून पत्रे, मागे लपणारा भाग तुटक रेषेने. जिओजेब्रा या गणिताच्या अ‍ॅपमध्ये फुकटात फिरवून बघता येतं, पण आधी हाताने काढाच.

भाचीने काढलं, आणि स्वतःच विचारलं, जमीन उताराची असली तर? केली, एक्स + झेड = ०. आढं पुढे वाढवत नेलं तर एक्स = −२, वाय = ०, झेड = २ ला जमिनीत घुसलं. डिटरमिनंट आला २.