यंग पीपल्स कॉन्सर्ट्स

न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या अमेरिकी वाद्यवृंदाच्या, शाळकरी मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी होणाऱ्या मैफली. मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणपतीच्या मांडवातला सिनेगीतांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. येथे अभिप्रेत आहे तो सिंफनी वाद्यवृंद: शंभराच्या आसपास वादक, प्रत्येकापुढे छापील स्वरलिपी आणि सगळ्यांना एका लयीत बांधणारा संचालक. एवढा ताफा मुलांसमोर बसवायचा, त्याच्याकडून मोठ्यांच्या मैफलीतलेच संगीत वाजवून घ्यायचे आणि ते ऐकावे कसे हे मुलांना त्यांच्या भाषेत सांगायचे, अशी ही प्रथा आहे.

या मैफलींचे नाव जगभर झाले ते संगीतकार आणि संचालक लिओनार्ड बर्नस्टाईन (१९१८–१९९०) यांच्यामुळे. १८ जानेवारी १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी आपली पहिली बालमैफल केली आणि सीबीएस वाहिनीने ती देशभर दाखवली. विषय होता, ‘संगीताचा अर्थ काय?’ प्रास्ताविक, स्वागत असले काही नाही. आल्या आल्या त्यांनी रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेराच्या नांदीतला घोडदौडीचा तुकडा वाजवायला घेतला. ‘लोन रेंजर’ या काउबॉय मालिकेमुळे ती धून तेव्हा अमेरिकेतल्या पोरापोराच्या कानात बसलेली होती. ‘हे संगीत कशाबद्दल आहे?’ असे विचारताच सभागृहात एकच गलका झाला. बर्नस्टाईननी सांगितले, की रोसिनीला या काउबॉयचा पत्ताही नव्हता आणि संगीत मुळात स्वरांबद्दल असते.

हे पटवण्यासाठी त्यांनी जे केले ते आजही अभ्यासण्यासारखे आहे. त्यांनी एक गोष्ट रचून सांगितली. मध्यरात्र झाली आहे, तुरुंगातले कैदी घोरताहेत, एका निरपराध कैद्याला झोप येत नाही आणि त्याला सोडवायला सुपरमॅन येतो. मग वाद्यवृंदाने जर्मन संगीतकार रिखार्ड श्ट्राउसच्या रचनेतला एक भाग वाजवला. गोष्टीतला प्रत्येक प्रसंग त्यात जसाच्या तसा ऐकू आला. त्यानंतर त्यांनी खरी गोष्ट सांगितली: ही रचना ‘डॉन किहोते’ नावाची, मेंढ्यांच्या कळपाला शत्रूचे सैन्य समजून त्यावर चालून जाणाऱ्या भ्रमिष्ट सरदाराची, आणि मघाशी घोरणे वाटलेला पितळी वाद्यांचा तो आवाज म्हणजे मेंढ्यांचे बें-बें. तेच संगीत पुन्हा वाजले आणि या खेपेला मुलांना मेंढ्या ऐकू आल्या. गोष्ट बदलली, स्वर मात्र तेच राहिले. तराणा ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. तिथे शब्दांचा अर्थ कोण विचारतो?

१९५८ ते १९७२ या काळात असे ५३ कार्यक्रम दूरचित्रवाणीवर झाले. १९६२ पासून ते न्यूयॉर्कच्याच लिंकन सेंटरमधील नव्या सभागृहातून होऊ लागले. निर्माते-दिग्दर्शक रॉजर एंग्लंडर शेवटपर्यंत तेच होते आणि संहिता बर्नस्टाईन स्वतः लिहीत. विषय सोपे नसत. सोनाटा या रचनाप्रकाराची बांधणी, विनोद संगीतात कसा येतो, संगीतकार गुस्टाफ मालर कोण होता, अशा विषयांना त्यांनी हात घातला. ‘मोड’ (म्हणजे स्वरांची ठरावीक पंक्ती) समजावताना त्यांनी त्या काळची गाजलेली पॉप गाणी पियानोवर वाजवून, गाऊन दाखवली. (त्यातल्या डोरियन मोडची स्वरपंक्ती म्हणजे आपला काफी थाट, मिक्सोलिडियनची म्हणजे खमाज. आपल्याकडच्या संगीतशिक्षकाने तो भाग वर्गात जरूर दाखवावा.) बर्नस्टाईन समजावणे सोपे करीत, संगीत सोपे करीत नसत. मुलांसाठी म्हणून पातळ केलेली चाल त्यांनी वाजवली नाही. या मैफलींचे मोठेपण त्यातच आहे.

प्रथा मात्र त्यांच्याही आधीची. संचालक थिओडोर टॉमस यांनी १८८५ मध्ये मुलांसाठी दुपारच्या मैफली केल्या होत्या. तिला नियमित रूप दिले ते पियानोवादक अर्नेस्ट शेलिंग यांनी, १९२४ पासून. वाद्यांची चित्रे ते काचेच्या पट्ट्यांवरून पडद्यावर दाखवत, मुलांना गायला लावत, वह्या लिहायला देत आणि उत्तम वह्यांना बक्षिसेही देत. लंडनमध्ये रॉबर्ट मेयर यांनी १९२३ मध्ये अशाच मैफली सुरू केल्या.

अशा मैफलींसाठी खास लिहिलेल्या रचनांमध्ये सेर्गेई प्रोकोफिएव्हची ‘पीटर आणि लांडगा’ (१९३६) सर्वांत लाडकी. मॉस्कोच्या बालरंगभूमीच्या नतालिया सात्स यांच्या सांगण्यावरून ती लिहिली गेली. पक्षी म्हणजे फ्लूट, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, करवादणारे आजोबा म्हणजे बासून, लांडगा म्हणजे तीन फ्रेंच हॉर्न आणि पीटर म्हणजे सगळी तंतुवाद्ये. निवेदक गोष्ट सांगत जातो आणि अर्ध्या तासाच्या आत मुलाला ओबो आणि क्लॅरिनेट यांतला फरक कानाने ओळखता येतो. मोठ्या माणसांनाही तो सहसा येत नाही. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने १९४५ मध्ये सतराव्या शतकातल्या पर्सेलची एक धून घेऊन ती एकेका वाद्याकडे सोपवली आणि शेवटी ती सगळी वाद्ये एका फ्यूगमध्ये, म्हणजे एकच चाल पाठोपाठ उचलत गुंफलेल्या रचनेत, एकामागून एक परत आणली. सां-सांसची ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ (१८८६) गमतीने लिहिलेली होती, मुलांसाठी नव्हे. पण मुलांनी ती आपलीशी केली.

बालमैफल साधारण तासाभराची असते. लांबलचक रचनेतला एखादाच भाग निवडतात, टाळ्या कधी वाजवायच्या यावरून कोणी डोळे वटारत नाही. पुष्कळ ठिकाणी मैफलीआधी बाहेरच्या दालनात मुलांना वाद्ये हाताळू देतात. व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात हे तिथे बोटांना कळते. मग दिवे मंदावतात, ओबो एकच स्वर लांब धरतो आणि सगळा ताफा त्याला जुळवून घेतो. तानपुरा लावताना पाहिलेल्या मुलाला हा क्षण लगेच उमगतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक मोजक्या वादकांच्या वेगळ्या मैफली करते.

मुंबईशी या वाद्यवृंदाचा धागा जवळचा आहे. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्याच्या तालमी ऐकत वाढलेले त्यांचे चिरंजीव झुबीन मेहता पुढे १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक होते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. त्या शाळांतून आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतातला तंतुवाद्यांचा ताफा भरला. त्यामुळे व्हायोलिनांचा समूहनाद मराठी मुलाला परका नसतो. तो काढणारी माणसे मात्र त्याने पाहिलेली नसतात. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, आणि पणजीत ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ वंचित मुलांना वाद्ये शिकवते.

न्यूयॉर्कमध्ये याच परंपरेतून १९९५ मध्ये एक नवी वाट फुटली. वाद्यवृंदातले डबल बासवादक जॉन डिक यांनी मुलांना ऐकण्यापलीकडे नेऊन रचना करायला लावले. मुलाला स्वरलिपी यावी अशी अट नाही. त्याने गुणगुणून, टेबलावर ठेका धरून दाखवावे. कोणती ओळ कोणत्या वाद्याने वाजवायची हे त्यानेच ठरवावे. मोठी माणसे ते कागदावर उतरवून देतात आणि फिलहार्मोनिकचे वादक ते वाजवतात.