फॉरमॅट मारूनही गेम क्रॅश का होतो? हार्डवेअरच्या दुखण्याची पार्श्वभूमी

गेम खेळताना पीसी मधेच बंद पडायला लागला की पुण्यात पहिला सल्ला अजूनही तोच मिळतो : 'फॉरमॅट मारून बघ.' हा सल्ला रुजला तो विंडोज 95 आणि 98 च्या काळात. तेव्हा एखाद्या ड्रायव्हरने (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) घोळ घातला की अख्खं मशीन आडवं व्हायचं, आणि विंडोज नव्याने टाकलं की खरोखर सुधारायचं. 2001 मध्ये विंडोज एक्सपीबरोबर विंडोज एनटी या व्यावसायिक आवृत्तीचा भक्कम पाया घरच्या पीसीवर आला आणि हे दुखणं बरंच कमी झालं. सल्ला मात्र तसाच राहिला. त्यापायी लोकांचा डेटा आणि पैसा अजूनही वाया जातो, म्हणून हा मागोवा.

मेल, ब्राउझर, एक्सेल चालताना पीसीची बरीचशी ताकद पडून असते. गेम सुरू झाला की प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) यांच्यावर एकाच वेळी ताण येतो. एरवी झाकलेलं दुखणं तिथे उघडं पडतं.

या शतकाच्या सुरुवातीला हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसलं ते मदरबोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डब्यांमध्ये. काही उत्पादकांच्या कपॅसिटरमधलं पाणीमिश्रित द्रावण सदोष होतं. आत वायू साचायचा आणि टोपी फुगायची. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो आणि त्यावर कोरलेल्या बारीक रेषा दिसतात. खराब झालेल्याचा माथा त्याच रेषांवर वर उचललेला असतो, कधी फाटून तपकिरी खपली धरलेली. प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीचे असे दोन-तीन कपॅसिटर गेले की व्होल्टेज डळमळतं. डेस्कटॉप व्यवस्थित उघडतो, पण गेम लोड होताना पीसी रीस्टार्ट होतो. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नवा कपॅसिटर किरकोळ पैशांत मिळतो. तो बसवून अनेक बोर्ड वाचले असते, पण ते फॉरमॅटच्या फेऱ्यांत भंगारात गेले.

त्याच सुमारास पीसीमधल्या विजेची मांडणीही बदलली. पेंटियम 4 साठी 2000 मध्ये बोर्डवर चार पिनांचं वेगळं 12 व्होल्टचं कनेक्शन आलं आणि मुख्य भार 5 व्होल्टच्या लाइनवरून 12 व्होल्टवर सरकला. आपल्याकडे मात्र कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर छापलेल्या वॅटच्या आकड्यावरच विश्वास ठेवला गेला. 12 व्होल्टच्या लाइनवर खरे किती अँपिअर मिळतात ते त्याच स्टिकरवरच्या छोट्या तक्त्यात असतं. आजही खरेदीच्या वेळी सगळ्यात आधी तो तक्ता वाचावा, असं माझं ठाम मत आहे.

लोडशेडिंगने आणखी एक सवय लावली, यूपीएसची. 2006 मध्ये सीआयआय या उद्योग संघटनेच्या पुढाकाराने उद्योगांचे स्वतःचे जनरेटर वापरून पुणे शहर लोडशेडिंगमुक्त ठेवण्याचा प्रयोग झाला, पण तोवर घरोघरी यूपीएस आले होते. 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॅटच झेलतो. आजचा गेमिंग पीसी त्यावर लावला आणि गेम चालू असताना लाइट गेले, तर बॅटरी चांगली असूनही सगळं एका झटक्यात बंद होतं. लोक मग प्रोसेसर बदलायला निघतात.

पुढचा अध्याय ग्राफिक्स चिपचा. जुलै 2008 मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिप्सच्या पॅकेजिंगमधल्या (चिपच्या आवरणातल्या आणि जोडणीतल्या) कमकुवत साहित्यापायी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. चिप गेममध्ये तापायची, नंतर थंड व्हायची. त्या सततच्या ताणाने तिच्या आतले बारीक सांधे तडकायचे. पडद्यावर आधी रेघा, मग काळोख. चिप गरम करून दिली की काही आठवडे चालायची, म्हणून दुरुस्ती झाली असं वाटायचं. रीबॉलिंगने (सोल्डरचे गोळे बदलून) पॅकेजखालचे सांधे नवे होतात, आतले तसेच राहतात.

चांगली बाब म्हणजे याच काळात विंडोज बोलायला लागलं. व्हिस्टापासून ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं, आणि हार्डवेअरने कळवलेल्या चुका 'व्हीया' (WHEA) या नावाने नोंदवतं. आज विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर हा नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम उघडून क्रॅशच्या वेळेची नोंद पाहणं ही तपासाची खरी पहिली पायरी आहे. नुसती 'कर्नल-पॉवर 41' असेल तर पीसी नीट शटडाउन न होता गेला एवढंच कळतं. सोबत निळा पडदा (विंडोजचा गंभीर चुकीचा संदेश) नसेल तर आधी एसएमपीएस, यूपीएस आणि भिंतीतला सॉकेट पाहावा. रॅमचा संशय असेल तर एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून 1994 पासून वापरात असलेलं मेमटेस्ट86 हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर लावावं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उष्णतेकडे बोट जातं. पण आजचा प्रोसेसर तापला की बहुतेक वेळा आधी वेग कमी करतो, बंद पडणं फार नंतरचं.

अलीकडचं मोठं प्रकरण इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं. गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश यायचा. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्ड बदलली. दोष प्रोसेसरमध्ये होता : मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या मूलभूत सूचनांच्या) चुकीमुळे तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि हळूहळू झिजत होता. ऑगस्ट 2024 मध्ये 0x129 हा सुधारित मायक्रोकोड बायोसच्या (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रॅमच्या) अपडेटमधून आला आणि बॉक्समध्ये विकलेल्या बाधित मॉडेल्सची वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. झालेली झीज मात्र अपडेटने भरून येत नाही. पुण्यात सध्या या पिढीचे वापरलेले पीसी विकायला येतात. बायोस आता नवा आहे हे पाहून कळतं, पण प्रोसेसर जुन्या मायक्रोकोडवर किती महिने चालला हे कळायला मार्ग नाही. म्हणून मूळ बिल मागून घ्यावं, वॉरंटी शिल्लक आहे का ते तपासावं आणि विकणाऱ्यासमोरच तासभर जड गेम चालवून बघावा.